माईंच्या वाटीतले चिंचोके

"ही दोन वाट्यांची भानगड काय हाय, ते आधी सांगा बाई," असं म्हणून हौसाबाईनं चाळणी बाजूला ठेवली आणि कमरेवर हात देऊन माझ्यासमोर उभी राहिली.

वखारीत बायकांची भाकरी नुकतीच खाऊन झाली होती. पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप आत आली होती आणि तिच्यात तंबाखूची पिवळट धूळ नुसती भिरभिरत होती. मी नाकाला पदर लावून एका पोत्यावर बसले होते. पुढ्यात दोन वाट्या, एक पांढरी, एक काळी. ओंजळीत दहा चिंचोके.

"भानगड काही नाही, मावशी. समजा, दहा माणसं रोज बिडी ओढतात नाहीतर तंबाखू खातात. त्यातल्या कितीजणांना त्यापायी मोठं दुखणं होईल असं तुम्हाला वाटतं? वाटतील तेवढे चिंचोके काळ्या वाटीत टाकायचे. बाकीचे पांढऱ्या."

"आनि मग?"

"मग मी लिहून घेणार."

"आनि मग?"

"मग पुण्याला पाठवणार."

"आनि मग पुन्यास्नं मानूस येनार, वखारीला कुलूप लावाय," मागून कुणीतरी बोललं. बायका हसल्या, पण ते हसू काही मला आत घेणारं नव्हतं.

त्याला आता तीस वर्षं व्हायला आली. मी नुकती एम.ए. होऊन घरी बसले होते, तेवढ्यात पुण्याच्या एका संस्थेत हे काम मिळालं. तंबाखूनं काय होतं हे डॉक्टरांना ठाऊक आहे. लोकांना काय वाटतं, ते आम्हाला मोजायचं होतं. आमचे प्रभुणे सर म्हणायचे, "शंभरात किती, असं विचारलं तर माणूस गोंधळतो. त्याच्या हातात बी द्या. मनातली भीती बियांनी बरोबर मोजता येते." म्हणून हे चिंचोके. आणि मला मिळालेलं गाव खडकोळी, कोल्हापूरच्या दक्षिणेला, सगळं तंबाखूवर जगणारं. शेतात तंबाखू, वखारीत तंबाखू, हातांना तोच वास. अशा गावात मी तंबाखूचं भय मोजायला गेले होते. त्यांनी मला ओवाळावं अशी माझीही अपेक्षा नव्हती.

हौसाबाई खाली बसली. दहाच्या दहा चिंचोके तिनं एका फटक्यात काळ्या वाटीत लोटले. "घ्या. सगळी मरत्यात. माझा दाल्ला बी त्यातच गेला."

"आता तुमचं स्वतःचं सांगा. तुमच्यासारख्या दहा बायका धरल्या, तर?"

तिनं काळी वाटी उचलली आणि पांढऱ्यात पालथी केली. "आमाला काय धाड भरलीया? आमी वडतोय व्हय बिडी?"

तिच्यामागून पारूबाई आली. दहा काळ्यात, मग दहाच्या दहा पांढऱ्यात. तिच्यामागून आलेल्या दोघी सासूसुनांचंही तेच. संध्याकाळपर्यंत वखारीतल्या सगळ्या बायका झाल्या आणि एकीचाही चिंचोका इकडचा तिकडं झाला नाही. कुठं सात-तीन नाही, कुठं "कुनाला ठावं" नाही.

मला निघताना सरांनी बजावलं होतं, "माणसं कधी सगळी सारखं बोलत नाहीत. आकडे फार सारखे आले तर समजायचं, कुणीतरी पढवलंय."

कुणी पढवलं असेल, याचाच विचार करत मी मुक्कामावर आले.

माझा मुक्काम माईंकडे होता. काशीमाई कोपर्डे म्हणजे त्या मुलखातल्या नावाजलेल्या कीर्तनकार. सरपंचांनी त्यांच्याकडे सोय केली तेव्हा मी मनातल्या मनात पांडुरंगाला हात जोडले होते. माझे वडील मिरजेला कीर्तनांना पेटी वाजवायचे. लहानपणी मी पेटीच्या कडेला टेकून झोपायची, आणि गजर सुरू झाला की डोळे चोळत उठून टाळ्या वाजवायची. माईंचं कीर्तन मी एकदाच, शाळेत असताना ऐकलं होतं. 'विठ्ठल' म्हणताना त्या तोंड असं उघडायच्या की वाटायचं, आतून देवळाचा गाभाराच उघडलाय. तो आवाज कानात घेऊन मी खडकोळीला आले होते.

पण घर तसं नव्हतं.

एका स्वयंपाकघरात दोन चुली होत्या. मोठीवर सून शेवंता रांधायची, ते स्वतःसाठी, आणि घरी आला की नवऱ्यासाठी. तिचा नवरा यशवंत ट्रकवर, महिना महिना बाहेर. कोपऱ्यातल्या लहान चुलीवर माई स्वतःपुरता भात टाकायच्या. त्यांचं दूध वेगळं, मीठ वेगळं, पाण्याच्या तांब्यावर फडकं आणि फडक्याला गाठ. पहिल्याच दिवशी शेवंतानं माझ्यापुढे चहा ठेवला, तर माईंनी कप उचलून मोरीत ओतला.

"माझ्या चुलीवरचा घे," त्या म्हणाल्या.

शेवंता मोरीशी वाकली. कप विसळला, पालथा घातला आणि परसात गेली.

"माई, काय झालं?"

त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्या कानाशी आल्या. "मला शेंदूर घातलाय, पोरी."

गवयाचा आवाज मारायचा तर त्याला खाण्यातून शेंदूर घालतात, हे मी वडिलांच्या मंडळींत ऐकलेलं होतं.

"कुणी?"

"जेवायला कोण वाढत होतं?" माई म्हणाल्या. "दिवाळीपासून तोंडाची आग होते. तिखटाचा कण सोसत नाही. गाताना पूर्वीसारखा 'आ' होत नाही, इथं ओढ बसते." त्यांनी डाव्या गालावर बोट ठेवलं. "हिला माझं कीर्तन कधी आवडलंच नाही. मी गावोगाव फिरणार आणि हिनं घर ओढायचं. मग काय करील?"

"पण आता तर तुम्ही तिच्या हातचं खात नाही. मग उतार पडायला हवा ना?"

"शेंदूर कधी उतरतो होय?"

त्या दिवसापासून मीही शेवंताच्या हाताकडे बघू लागले. ती पोर होती चोवीस-पंचवीसची, सडपातळ, खाली मान घालून चालणारी. वखारीत काम करायची. इतर बायकांबरोबर तिनेही चिंचोके टाकले होते, अगदी त्यांच्यासारखेच.

त्या संध्याकाळी वखारीतले आकडे मनात घोळवत मी माईंसमोर बसले. "माई, तुमचीही मुलाखत घ्यायची राहिली आहे."

"घे की."

त्यांनीही तेच केलं. दहा काळ्या वाटीत. "वाईट व्यसन. देह नासतो." आणि स्वतःच्या वेळी, "माझं काय विचारतेस? गळ्यात तुळशीची माळ आहे. तंबाखूला शिवत नाही मी." दहा पांढऱ्यात.

माझ्या डोक्यात काहीतरी वाजलं. "माई, एक विचारू? रागावू नका. वखारीतल्या बायकांना काय सांगायचं ते तुम्ही शिकवलंत का?"

माई हसल्या. पूर्ण नाही, ओठांच्या एका कडेनंच. "आल्या होत्या देवळात. म्हणाल्या, माई, ती बाई वाट्या घेऊन आलीय, काय सांगू? मी म्हटलं, देवाला साक्ष ठेवून जे खरं ते सांगा."

"एवढंच?"

"एवढंच. का गं?"

तरी ते माझ्या मनातून गेलं नाही. एकादशीच्या कीर्तनाचा मांडव दरवर्षी वखारीच्या मालकाकडून पडायचा, हे मला मुकादमानं मोठ्या फुशारकीनं सांगितलं होतं. ज्यांच्या आवाजापुढे मी लहानपणी हात जोडले, त्यांच्याच शब्दावर मी त्या रात्री अंथरुणात पडून संशय घेत होते. आणि घरात तर सासू सुनेवर, मी दोघींवर, गाव पुण्यावर. एका छपराखाली कुणाचा कुणावर भरवसा नव्हता.

एकादशीला देवळापुढे मांडव भरला. माई उभ्या राहिल्या. पांढरं लुगडं, कपाळी बुक्का, हातात चिपळ्या. मी पुढेच बसले होते, लहानपणी बसायची तशी. नमन झालं. निरूपणाला सुरुवात झाली आणि माझ्या लक्षात यायला लागलं. शब्द तेच होते, ठेका तोच होता, पण जिथं आवाज वर जायचा तिथं माई तो टाळकऱ्यांवर सोपवायच्या. गजर अर्ध्यातच संपवायच्या. आणि मधूनच त्यांचा हात डाव्या गालावर जायचा, जणू घाम पुसताहेत. मांडवात घाम येण्यासारखं काही नव्हतं.

मग त्यांनी दृष्टांत घेतला.

"एक होता सावकार. घरातलं धान्य रोज कमी होतंय. काय केलं त्यानं? दाराला मोठं कुलूप घातलं. कमी होतंयच! कुंपणाला काटे लावले. कमी होतंयच! काठी घेऊन सारी रात्र वेशीकडे डोळे लावून बसला. अहो, तरी कणगी रिकामी! शेवटी एक साधू आला. म्हणाला, वेड्या, बाहेर काय बघतोस? चोर आतच आहे. तुझ्या घरात. तुझ्या ताटाशी!"

चिपळ्या थांबल्या. मांडवातली सगळी डोकी एकाच दिशेला वळली. बायकांच्या रांगेत शेवंता बसली होती, मांडीवर टाळ घेऊन. गावाला सगळं ठाऊक होतं. तिनं मान वर केली नाही. पुढच्या गजराला सगळे टाळ वाजले, तिचे मांडीवरच राहिले.

हौसाबाई माझ्या शेजारी होती. ती पुटपुटली, "बगा, कशी गपगार बसलीया. चोराच्या जीवाला काय लाज?"

दुसऱ्या दिवशी वखार सुटताना मी फाटकाशी उभी होते. मुकादम दत्तोबा एकेकीची पिशवी चाचपून बायकांना बाहेर सोडत होता. शेवंता त्याच्यासमोर यायच्या आधी क्षणभर वळली. तिनं ओच्यातून कागदाची बारीक पुडी काढली आणि कनवटीला सारली, हे मी स्वच्छ पाहिलं.

पुडी! शेंदराला एवढीशी पुडी पुरते.

मी तिच्यामागून निघाले. ती घरात न शिरता बाजूच्या बोळातून परसात गेली. मी माडाच्या झावळ्यांच्या कुडाआड उभी राहिले. तिनं तीन दगडांच्या चुलीवर जुना तवा ठेवला, खाली काटक्या पेटवल्या, इकडे तिकडे पाहिलं आणि पुडी सोडून तव्यावर उलटी केली.

मी पुढं झाले. "काय आहे ते?"

ती दचकून उभी राहिली. "ताई! तुमी हितं?"

"पुडीत काय आणलंस?"

उत्तराची गरज उरली नाही. तव्यावरून धूर उठला आणि असा ठसका लागला की माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हा वास माझ्या ओळखीचा होता. माझ्या आत्याच्या परसात असाच यायचा. तपकिरी चुरा काळा पडत होता, आणि शेवंता तोंडाला पदर लावून तो उलथण्यानं हलवत होती.

"मशेरी," ती म्हणाली. "माईंची. दत्तोबांना सांगू नगा, ताई. वखारीतली भुकनी हाय. कुनाच्या कामाची न्हाई, पर चोरी ती चोरीच."

माझा जीव भांड्यात पडला. पाठोपाठ थोडी शरमही वाटली. मी दगडावर बसले.

"तुझ्या हातची मशेरी चालते त्यांना?"

"तेवढंच चालतंय." तिनं तव्यावरचा धूर हातानं बाजूला सारला. "जेवान नगं, पानी नगं. पर मशेरी माझ्याच हातची लागती. म्हनत्यात, ती काय पोटात जात न्हाई. थुकूनच टाकायची असती."

"आणि लावतात किती वेळा?"

"पयली सकाळ-संध्याकाळ लावायच्या. तोंड जळाय लागल्यापास्नं धा-बारा डाव. लावली की आग जरा मरती म्हनत्यात. गालात धरून बसत्यात घटकाभर."

मी तव्याकडे बघत राहिले. मशेरीचं आम्ही विचारलं नव्हतं असं नाही. शेवटच्या पानावर प्रश्न होता, 'मशेरी लावता का?' आणि एकजात सगळ्या बायका "व्हय की" म्हणून दात दाखवून हसल्या होत्या. मीही खूण करून पुढं गेले होते. पण भीती मोजताना वाट्यांपुढे आम्ही नाव घेतलं ते तंबाखूचं. ज्यांनी पुण्यात बसून प्रश्न रचले, त्यांना वाटलं, मशेरी म्हणजे तंबाखू हे सांगायला कशाला हवं? मलाही तसंच वाटलं होतं. आणि या बायका दिवसभर तंबाखूत बसत होत्या, स्वतःच्या हातानं ती भाजत होत्या, पण एकदा तव्यावर काळी झाली की त्यांच्या लेखी ती तंबाखू राहत नव्हती. दात घासायची वस्तू होत होती. कुणी कुणाला पढवलं नव्हतं. देवाला साक्ष ठेवून सगळ्या खरंच बोलल्या होत्या.

"शेवंता, डबी भर आणि आत ये," मी म्हटलं. "माझ्याबरोबर ये."

माई ओसरीवर जपमाळ घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढे दोन्ही वाट्या मांडल्या.

"पुन्हा? एकदा झालं की माझं!"

"एक प्रश्न राहिलाय, माई." मी शेवंताच्या हातातून पत्र्याची डबी घेतली आणि वाट्यांच्या मधोमध ठेवली. "ही. ही रोज लावणाऱ्या दहा बायका. किती काळ्यात, किती पांढऱ्यात?"

"अगं, दात घासायचं ते! त्यात कसले आलेत चिंचोके?"

"कशाची करतात ती?"

माई बोलायला गेल्या आणि थांबल्या. डबी अजून गरम होती. झाकणाच्या फटीतून वास येत होता. त्यांचा हात जपमाळेवरून गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे गेला आणि तिथंच राहिला.

"तंबाखूची," त्या अगदी हळू म्हणाल्या. जणू कुणा दुसऱ्याचं नाव घेत होत्या.

मग माईंचे डोळे एकाएकी वर आले, माझ्यावर नाही, शेवंतावर.

"म्हणजे या डबीत!" माई उठून उभ्या राहिल्या. "जेवण बंद केलं, पाणी बंद केलं, तरी जाईना. मी म्हणते, का जाईना? मशेरीत घालत होतीस होय गं शेंदूर? बोल!"

"माई, नाही हो, ऐका माझं," मी मध्ये पडले, पण त्या ऐकतात कुठल्या! "यशवंताला मी सांगेन काय ते. आजच्या आज माहेरची वाट धरायची. तुझी सावली नको मला या घरात."

शेवंतानं रडावं, पाय धरावेत, असं मला वाटलं. तिनं तसलं काही केलं नाही. ती खाली वाकली, डबी उघडली, चिमूटभर काळी भुकटी बोटावर घेतली आणि माईंच्या डोळ्यांसमोर आपल्या गालात घातली.

"ह्याच डबीतली मी बी लावतो, माई. रोज. शेंदूर असंल तर मला बी चढू दे."

माईंची नजर तिच्या बोटामागून गेली, ते डाव्याच गालात शिरलं होतं.

"तोंड उघड," त्या म्हणाल्या.

त्यांनी शेवंताची हनुवटी धरली आणि तिला ओढत ओसरीच्या कडेला, उजेडात नेलं. "थूक ते. चूळ भर. आता उघड. अजून."

मीही वाकून पाहिलं. डाव्या गालाच्या आत, जिथं बोट जाऊन टेकतं तिथं, चिंचोक्याएवढा पांढुरका डाग होता. दुधावरची साय चिकटावी तसा.

"हे कधीपासनं?"

"आखाडापास्नं आसंल. दुखत न्हाई, माई."

"माझं पण आधी दुखत नव्हतं," माई म्हणाल्या.

त्यांनी तिची हनुवटी सोडली नाही. बराच वेळ त्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी सुनेच्या चेहऱ्याकडे एवढ्या जवळून पाहिलं असेल असं मला वाटत नाही. मग त्या येऊन खाली बसल्या. पांढऱ्या वाटीतले चिंचोके त्यांनी तळहातावर घेतले.

"हिच्यासाठी टाकायचे म्हणालीस ना?"

मी तसं म्हटलं नव्हतं. पण मान हलवली.

एक चिंचोका काळ्या वाटीत पडला. मग दुसरा. दर वेळी त्या शेवंताकडे बघत आणि मग बोटं सोडत. सगळे संपले तेव्हा त्यांचा रिकामा हात माझ्यापुढे आला.

"आता माझ्यासाठी दुसरे आहेत का?"

"नाहीत, माई. एवढेच."

"मग हेच धर."

शेवंताचा बांध तेव्हा फुटला. "मी न्हाई ओ काय घातलं! तुमच्या पायाची आन!"

"ठाऊक आहे." माईंचा आवाज बसका झाला होता. "तू नाही घातलंस. मी घातलं. लग्न होऊन आलीस त्या आठवड्यात दात ठणकतात म्हणून रडत होतीस. आठवतं? परसात नेऊन तुझ्या तोंडात मशेरीचं पहिलं बोट कुणी फिरवलं?"

शेवंता पदर तोंडात धरून उभी होती.

"कुणी फिरवलं, सांग ना?"

"तुमीच," ती म्हणाली.

माईंनी डबी उचलली आणि परसातल्या तव्याखालच्या विस्तवात रिकामी करून आल्या. ठसका लागून खोकत खोकत परत आल्या, लहान चुलीवरचं आपलं भाताचं पातेलं उतरवून बाजूला ठेवलं आणि मोठ्या चुलीपुढं पाट ओढला.

"वाढ," त्या म्हणाल्या. "तिखट नको घालूस तेवढं."

दोन दिवसांनी मी त्या दोघींना मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. माईंच्या गालाला कापाकापी करावी लागली. देवाची कृपा, जीव वाचला. शेवंताचा डाग मशेरी सुटल्यावर हळूहळू पुसट झाला. सरांना मी सगळं कळवलं. पुढच्या फेरीत, त्यांच्या सांगण्यावरून, मी वाट्यांच्या मधे मशेरीची डबी ठेवून पुन्हा खडकोळीत फिरले. त्या वेळी कुठल्याही दोघींचे चिंचोके सारखे पडले नाहीत. हौसाबाई तर तीन टाकून, एक परत काढून घेऊन, "ऱ्हाऊ द्या, उद्या सांगतो" म्हणून उठून गेली.

पुढच्या वर्षी त्याच एकादशीला मी मुद्दाम गेले. या वेळी वखारीच्या मालकाचा मांडव नव्हता, यशवंतानं गावात वर्गणी काढून घातला होता. माई उभ्या राहिल्या, पण गाणं उरलं नव्हतं. शब्द एका बाजूनं घसरत यायचे. त्या नुसतं बोलत होत्या, आणि गायची जागा आली की थांबायच्या. टाळकरी ती जागा भरून काढायचे. गर्दी मात्र पूर्वीपेक्षा जास्त होती. काय झालं ते ऐकायला आली असावी.

मग माईंनी तोच दृष्टांत घेतला. तोच सावकार, तीच कणगी, कुलूप, काटे, काठी. कशाला घेतला यांनी हा?

"साधू म्हणाला, वेड्या, बाहेर काय बघतोस? चोर आतच आहे!"

आणि सवयीनं मांडवातली सगळी डोकी शेवंताकडे वळली.

"तिकडं नका बघू," माई म्हणाल्या. त्यांनी चिपळ्यांचा हात उचलून स्वतःच्या छातीवर दोनदा आपटला. "इकडं बघा. हा बघा चोर. स्वतःचं तोंड खाल्लं, लेकीचं खायला बसला होता. लेकीनं धरला."

माझ्यापुढे बसलेल्या हौसाबाईचा हात कनवटीकडे गेला, तिथं डबी होती, आणि तसाच मागे आला.

माईंनी गजरासाठी तोंड उघडलं. आवाज फुटेना. टाळकरी एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून टाळ वाजले, एकटेच, जरा अडखळत, आणि शेवंतानं नाम उचललं. तिचा आवाज काही फार गोड नव्हता. पण तोंड मात्र तिनं पूर्ण उघडलं होतं, आणि माई त्या उघड्या तोंडाकडे बघत चिपळ्यांवर ठेका धरत होत्या.